काउंटरवर आणि फोनवर ग्राहकाशी नेमकं बोलायचं कसं

‘बघतो’ हा शब्द ड्यूटीवर असेपर्यंत बंद. तुमच्या लेखी त्याचा अर्थ ‘जमलं तर’, ग्राहकाच्या लेखी ‘होणार’. संध्याकाळी तो परत येतो तेव्हा दोघंही खरं बोलत असतात आणि तरी वाजतं. त्याऐवजी काय करणार, कोण करणार आणि कधीपर्यंत, एवढं सांगा: ‘तक्रार नोंदवली आहे. मेकॅनिक उद्या ११ ते १ मध्ये येईल, निघताना फोन करेल.’ यातलं एखादं ठरलेलं नसेल तर तेही उघड सांगा: ‘वेळ आत्ता सांगता येत नाही, ४ वाजेपर्यंत कळेल, मी फोन करते.’ आणि ४ वाजता काही कळलेलं नसलं तरी तो फोन करायचाच. तो चुकला की पुढे कितीही गोड बोला, कोणी मनावर घेत नाही.

‘दोन मिनिटं थांबा’ची तीच गत. २० मिनिटं लागणार असतील तर २० सांगा, माणूस दुसरं काम उरकून येतो. दोन सांगितलीत तर तिसऱ्या मिनिटापासून तो तुमच्याकडे बघत उभा राहतो. फोन होल्डवर टाकण्याआधी विचारा आणि त्याचं ‘हो’ ऐकूनच बटण दाबा. मिनिटभराने परत लाइनवर या, माहिती मिळालेली नसली तरीही: ‘अजून शोधतेय. थांबताय, की मीच फोन करू?’

आकड्यांत मराठी जरा अडचणीची आहे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, पंचवीस आणि पस्तीस फोनवर सहज एकमेकांत मिसळतात. म्हणून मोबाइल नंबर किंवा ऑर्डर नंबर सुटा म्हणा: ‘पाच, नऊ’. दहा आकडी नंबर तीन-तीन-चार असा तोडा आणि लिहून घेतलेला परत वाचून दाखवा. रक्कम ‘पावणेदोनशे’ न म्हणता ‘एकशे पंच्याहत्तर’ म्हणा. घाईत ऐकणाऱ्याच्या कानात नुसतं ‘दोनशे’ उरतं. रोख घेताना मिळालेली रक्कम मोठ्याने बोला आणि उरलेले पैसे ग्राहकाने मोजून घेईपर्यंत त्याची नोट गल्ल्यात टाकू नका. तारखेचा घोळ ‘परवा’मुळे होतो, कारण तो मागचाही असतो आणि पुढचाही. ‘परवाची अपॉइंटमेंट’ असं कधीच बोलू नका; ‘गुरुवार, १४ तारीख’ असा वार आणि तारीख दोन्ही सांगा.

हाक कशी मारायची? ‘तुम्ही’ सगळीकडे चालतं. ‘आपण’ आदराचं वाटतं खरं, पण ‘आपण फॉर्म भरूया’ म्हटलं की तुम्हीच भरून देणार असं समोरच्याला वाटू शकतं. काका, काकू, आजी ही हाक वयाचा अंदाज असते आणि अंदाज चुकला की पहिल्याच वाक्याला चेहरा पडतो. नाव माहीत असेल तर आडनावाला ‘सर’ किंवा ‘मॅडम’ जोडा. फोनवर आवाजावरून बाई की पुरुष हे कळत नसेल तर वाक्यच तसं बांधा: ‘तुम्ही आला होतात’ की ‘आल्या होतात’ यात अडकण्यापेक्षा ‘तुम्ही फोन केला होता’ म्हणा, त्यात लिंग दिसत नाही. आणि ग्राहक समोर उभा असताना सहकाऱ्याला ‘याचं काय आहे बघ रे’ म्हणू नका. ‘यांचं’ म्हणायला एका अनुस्वाराचा काय तो खर्च.

चूक आपली असेल तर ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ हे वाक्य पाटीवरच राहू द्या. नेमकं काय चुकलं ते बोला: ‘पार्सल आमच्याकडून चुकीच्या पत्त्यावर गेलं, माफ करा.’ एकदाच. पाच वेळा माफी मागितली की काम होणार नाही असा वास येतो. लगेच पुढे काय करताय ते सांगा.

माणूस भडकलेला असेल तर ‘शांत व्हा’ आणि ‘सांगितलं ना’ ही दोन वाक्यं गिळा. पहिल्यात तो बिथरलाय असा आरोप आहे, दुसऱ्यात तो मठ्ठ असल्याचा. त्याला मधे न तोडता बोलू द्या, हातात पेन असू द्या, मग लिहिलेलं वाचून दाखवा: ‘५ तारखेला मशीन दिलंत, १२ ला मिळणार होतं, अजून मिळालेलं नाही. बरोबर?’ तो ‘हो’ म्हणाला की बहुतेकदा आवाज खाली येतो, कारण आता तेच परत सांगायची गरज उरलेली नसते. तुमचा आवाज मात्र सुरुवातीपासूनच हळू आणि संथ हवा. शिवीगाळ सुरू झाली तर एकदा स्पष्ट बजावा: ‘अशी भाषा चालू राहिली तर मला फोन ठेवावा लागेल.’ पुन्हा झालं तर ठेवा आणि वेळेसकट नोंद करा.

काम दुसऱ्याकडे सोपवताना ग्राहकाला नुसतं ‘तिकडे विचारा’ म्हणून धाडू नका. आधी सहकाऱ्याला ग्राहकाचं नाव, तक्रार आणि आतापर्यंत काय झालं ते त्याच्यासमोरच सांगा, म्हणजे काही चुकलं तर तो तिथेच दुरुस्त करतो.