बोर्दोची रेड वाइन कशी चाखावी: आधी तुरट चव ओळखा, मग ताट वाढा

फ्रान्समधल्या बोर्दो प्रदेशाची रेड वाइन पहिल्यांदा पिणाऱ्याची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: तोंड कोरडं पडलं. ही कोरड म्हणजे आपली ओळखीची तुरट चव. जांभूळ, सुपारी, हिरडा यांनी ती जिभेला लहानपणीच शिकवलेली असते. द्राक्षाच्या साली-बियांतून वाइनमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य उतरतं, ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंडाचा ओलसर गुळगुळीतपणा जातो. माझ्या मते बोर्दो समजून घ्यायची सुरुवात इथूनच करावी. फळाफुलांचे वास ओळखणं नंतर जमतं.

बाटली निवडा. लेबलवर द्राक्षाचं नाव बहुधा नसतं, गावाचं किंवा प्रदेशाचं असतं. गारोन आणि दोर्दोन्य या नद्या मिळून जिरोंदची खाडी होते. तिच्या डाव्या तीरावर मेदॉक. तिथली जमीन गोट्यांची, रेताड. त्यात कॅबर्ने सोविन्यों हे द्राक्ष चांगलं पिकतं, म्हणून वाइन जास्त तुरट. उजवीकडे सेंतेमिलियों आणि पोमेरोल, तिथे चिकणमाती, चुनखडी आणि मर्लो द्राक्ष. ही वाइन मऊ लागते. पहिली बाटली उजव्या तीराची घ्या, दुसरी मेदॉकची.

बाटली थंड करा. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या जुन्या, गार घरांचा आहे. एप्रिलमधल्या पुण्याच्या किंवा नागपूरच्या खोलीला तो लागू नाही. बाटली दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. १६ ते १८ अंश सेल्सियस पुरे. त्याहून गरम झाली तर अल्कोहोलच नाकात जातं, फार गार केली तर तुरटपणा आणखी बोचतो.

ग्लास एक तृतीयांशच भरा आणि पांढऱ्या रुमालावर तिरका धरून कडेचा रंग बघा. जांभळट असेल तर वाइन कोवळी, विटकरी असेल तर मुरलेली.

आता वास. आधी ग्लास न हलवता, मग दोन-तीन वेळा गोल फिरवून. कॅबर्नेत काळ्या करंटचा (युरोपातल्या एका लहान आंबटगोड फळाचा) वास येतो, कधी ढोबळी मिरचीचा, तर कधी पेन्सिलीला टोक काढताना येतो तसा लाकडाचा. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला तर बूच खराब निघालं आहे. ती बाटली परत करा, संकोच करू नका.

लहान घोट घ्या, तोंडभर फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर तो आंबटपणा. घशात ऊब जाणवली तर अल्कोहोल. हिरड्या आणि गालांची आतली बाजू आवळली गेली तर टॅनिन. गिळल्यावर चव किती सेकंद टिकते ते मनात मोजा. फ्रेंचांनी या एका सेकंदाला ‘कोदाली’ असं खास नाव दिलं आहे.

जेवणाशी जोडी जमवायची किल्ली आपल्या चहात आहे. कडक कोऱ्या चहात दूध पडलं की तुरटपणा का उतरतो? कारण टॅनिन दुधातल्या प्रथिनांना धरतं, तोंडातल्या लाळेला सोडतं. मांस आणि चीज वाइनसोबत हेच करतात. म्हणून बोर्दोत मेदॉकमधल्या पोयाक गावचं कोकरू खातात, द्राक्षवेलींच्या काटक्यांवर भाजलेला बीफचा तुकडा शॅलट कांदा घालून खातात. स्वतः पडताळून पाहा: एक घोट, मग जुन्या कडक चीजचा तुकडा, मग पुन्हा घोट. दुसरा घोट लोण्यासारखा लागेल. चवीपुरतं मीठही मदत करतं.

बांगडा किंवा सुरमई मात्र या वाइनसोबत नको. वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की तोंडात हिवस धातूची चव रेंगाळते. तांबडा रस्साही नको, कारण १३-१४ टक्के अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं. मसाला बेताचा ठेवून मंद आचेवर शिजवलेलं मटण किंवा भाजलेले मश्रूम चालतील. गोड पदार्थांपुढे वाइन आंबट-कडू लागते, तेव्हा ग्लास गोडाच्या आधीच संपवा.

उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. कोवळ्या मेदॉकचा तुरटपणा हवा लागून रात्रीतून बराच निवळलेला असतो.