जपानचं रेसिडेन्स कार्ड: रिन्यूअलची तयारी वॉर्ड ऑफिसपासून

टोक्योत नव्याने आलेल्या ओळखीच्या कुटुंबांसोबत मी बऱ्याचदा कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात जाते. सगळ्यांना धास्ती असते शिनागावाच्या इमिग्रेशन ऑफिसची, कारण रेसिडेन्स कार्डाचं, म्हणजे परदेशी रहिवाशाच्या ओळखपत्राचं रिन्यूअल तिथे होतं. माझ्या मते रिन्यूअल अडतं ते त्याआधी गोळा करायच्या कागदांपाशी.

पहिलं कार्ड मिळायला त्रास नाही. तीन महिन्यांहून जास्त राहायची परवानगी असेल तर नारिता, हानेदा, कान्साईसारख्या मोठ्या विमानतळांवर उतरताच ते हातात देतात. नाव, जन्मतारीख आणि मुदत तिथेच वाचून घ्या. राहायचं घर ठरलं की 14 दिवसांत कुयाकुशोत नोंद करायची. पत्ता कार्डाच्या मागच्या बाजूला येतो. 16 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाने कार्ड सतत जवळ बाळगायचं, हा कायदाच आहे. कोपऱ्यावर दूध आणायला जातानासुद्धा.

रिन्यूअलचा अर्ज मुदतीच्या तीन महिने आधीपासून घेतात. त्याच आठवड्यात कामाला लागा आणि सुरुवात कराच्या कागदांपासून करा. नोकरदारांना बहुतेक वेळा रहिवासी कराचे दोन दाखले लागतात: कर किती लागला, आणि तो भरला का. हे दाखले देतं ते 1 जानेवारीला तुम्ही जिथे नोंदलेले होतात ते वॉर्ड. फेब्रुवारीत एदोगावातून कोतोला घर बदललं असेल, तर दाखला एदोगावाकडूनच घ्यायचा. पोस्टानेही मागवता येतो, पण त्यात दिवस जातात.

नोकरी बदललेल्यांनी इथे जास्त जपायला हवं. एरवी कंपनी हा कर पगारातून कापते. मधल्या काळात मात्र तो कापायचा थांबला, की भरणा पावत्या घरी पोस्टाने येतात. जपानी वाचता येत नाही म्हणून त्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात पडून राहतात आणि दाखल्यावर थकबाकी दिसते. कुयाकुशोचं प्रत्येक पाकीट उघडा, न कळलं तर फोटो काढून कुणाला तरी दाखवा. शिवाय कंपनी बदलल्याचं 14 दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. ते ऑनलाइन होतं.

अर्जाची काही पानं कंपनीने भरायची असतात, ती एचआरकडे आधीच मागून ठेवा. काउंटरवर अर्ज घेतला की कार्डाच्या मागे ‘अर्ज केलेला आहे’ असा शिक्का मारतात. तो शिक्का मोलाचा. मुदतीआधी अर्ज दिलेला असेल, तर निकाल येईपर्यंत किंवा जुन्या मुदतीनंतर दोन महिने, यातलं जे आधी येईल तोवर राहता येतं. मधे देशाबाहेर जाता येतं, पण नवं कार्ड घेताना तुम्ही जपानातच असायला हवं. तिकिटं त्या हिशेबाने काढा.

निकाल तयार असल्याचं पोस्टकार्ड घरी येतं. ते, पासपोर्ट, जुनं कार्ड आणि फीची महसुली तिकिटं घेऊन जायचं. काउंटरवरची फी 1 एप्रिल 2025 ला 4,000 येनांवरून 6,000 झाली. तिकिटं घेण्याआधी चालू दर बघून घ्या.

बाळ जपानात जन्मलं तर 14 दिवसांत कुयाकुशोत जन्मनोंद आणि 30 दिवसांत इमिग्रेशनला त्याच्या राहण्याच्या परवानगीचा अर्ज. बाळाच्या पासपोर्टसाठी अडून बसू नका. तो अजून का नाही हे लेखी देऊन अर्ज करता येतो. ओल्या बाळंतिणीची धावपळ नको, वडिलांनी जावं.

नवं कार्ड मिळालं की लगेच कुयाकुशोत जाऊन माय नंबर कार्डाची (आधारसारख्या जपानी ओळखपत्राची) मुदत वाढवून घ्या. ती जुन्याच तारखेला संपते, नव्या कार्डाबरोबर आपोआप पुढे सरकत नाही. मग बँकेला नवी तारीख कळवा.