एकविसाव्या दिवसाचा घोळ

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या लॅबमध्ये रक्त घेते मी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘डे २१ प्रोजेस्टेरॉन’ (बीज सुटलं का ते सांगणाऱ्या हार्मोनची तपासणी) दिसलं की बायका पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून बरोबर एकविसाव्या दिवशी हजर. अहो, तो हिशेब २८ दिवसांच्या पाळीचा! तुमची ३५ दिवसांनी येत असेल तर २८व्या दिवशी या, म्हणजे पुढच्या पाळीआधी सात दिवस. आकडा मिलीलिटरमागे ३ नॅनोग्रॅमच्या वर गेला की बीज सुटलं समजायचं. उपाशी यायला नको, मिसळ खाऊन आलात तरी चालतंय.

बीटा एचसीजी म्हणजे गरोदरपणाची रक्ततपासणी; आकडा ५ च्या आत निगेटिव्ह, २५ च्या वर पॉझिटिव्ह. मध्ये अडकला तर ४८ तासांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर सुईआधी सांगा, रिपोर्ट चुकू शकतो. पोटात एका बाजूला कळ, चक्कर असेल तर रिपोर्टची वाट बघू नका, थेट सीपीआर हॉस्पिटल गाठा.