आयपीएफएसवर साइट टाकायची कशी आणि मुख्य म्हणजे टिकवायची कशी

आमच्या गावच्या वाचनालयाची साइट होस्टिंगचं रिन्यूअल राहिलं म्हणून एका दिवसात गेली, कार्यक्रमांचे फोटो, पुस्तकांची यादी, सगळंच. लॅपटॉपवर कॉपी होती म्हणून निभावलं. तेव्हापासून मी ती आयपीएफएसवरसुद्धा ठेवतो, म्हणजे एका सर्व्हरऐवजी लोकांच्या मशीन्स एकमेकांना थेट फाइली देतात अशा नेटवर्कवर. कशी ते सांगतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या. नेहमीची लिंक सांगते फाइल कुठल्या सर्व्हरवर आहे, आयपीएफएसची लिंक सांगते फाइलमध्ये काय आहे. मजकुरावरून हॅश, म्हणजे गणिताने निघणारा ठसा, काढून जो पत्ता बनतो त्याला सीआयडी म्हणतात, एक स्वल्पविराम बदलला तरी सीआयडी वेगळा. म्हणून फाइल कुणाच्याही मशीनवरून आली तरी ती तीच आहे हे तुमचा नोड, म्हणजे आयपीएफएस चालवणारं तुमचं मशीन, तपासू शकतो. २०१७ मध्ये तुर्कस्तानने विकिपीडिया ब्लॉक केला तेव्हा तुर्की विकिपीडियाची प्रत आयपीएफएसवर टाकली गेली ती यासाठीच, एकच सर्व्हर अडवून ती बंद पडली नसती.

आता काम. आयपीएफएस डेस्कटॉप इन्स्टॉल करा, उघडा, स्टेटसमध्ये पिअर्सचा, म्हणजे जोडल्या गेलेल्या इतर नोड्सचा, आकडा वाढायला लागला की तुम्ही नेटवर्कवर आलात. साइट स्टॅटिक हवी, म्हणजे नुसत्या एचटीएमएल, सीएसएस, फोटो वगैरे फाइली, डेटाबेसवाली वर्डप्रेस साइट अशी थेट चालत नाही. होमपेजचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएलच ठेवा आणि आतल्या लिंका रिलेटिव्ह करा, म्हणजे त्या पानाच्या जागेवरून मोजलेल्या, स्लॅशने सुरू होणाऱ्या ठेवल्या तर काही गेटवेंवर (साध्या ब्राउझरला आयपीएफएसवरच्या फाइली दाखवणारे सर्व्हर) फोटो आणि सीएसएस सापडत नाहीत, माझी पहिली संध्याकाळ यातच गेली. मग फाइल्समध्ये इम्पोर्ट करून आख्खा फोल्डर द्या, तीन टिंबांवरून शेअर लिंक घ्या, झालं.

झालं म्हणजे फक्त अपलोड झालं. खरी गडबड पुढे आहे आणि बहुतेक लोक इथेच फसतात, कारण आयपीएफएस आपणहून तुमची फाइल कुठेही साठवत नाही, तुमचा नोड बंद आणि दुसऱ्या कुणाकडे कॉपी नाही तर साइटही गायब. लॅपटॉप बंद करून मोबाइलवर लिंक चालते का बघाल तर चालेलही, पण ती गेटवेच्या कॅशमधून, म्हणजे त्याने तात्पुरत्या ठेवलेल्या कॉपीतून, येत असते, आणि काही दिवसांनी कॅश साफ झाली की उघडायची थांबते, तेव्हा त्या टेस्टवर विसंबू नका.

उपाय म्हणजे पिनिंग. पिन केलेला डेटा नोड साफसफाईत उडवत नाही. दोन-तीन मित्रांना सांगा, त्यांनी इम्पोर्टमध्ये फ्रॉम आयपीएफएस निवडून सीआयडी टाकायचा आणि नंतर सेट पिनिंग करून लोकल नोड निवडायचा. हे दुसरं पाऊल विसरू नका, नुसतं इम्पोर्ट केलं तर फोल्डर दिसतो पण सगळा डेटा उतरलेला असेलच असं नाही. आमची एक कॉपी माझ्याकडच्या जुन्या लॅपटॉपवर चोवीस तास चालू असते, एक पुण्यातल्या मित्राकडे, आणि एक पिनाटासारख्या पिनिंग सर्व्हिसवर. घरच्या नेटवर राउटरमध्ये ४००१ पोर्ट उघडता आला तर बघा, बाहेरच्या नोड्सना तुमच्यापर्यंत पोचणं सोपं जातं.

साइटमध्ये बदल केला की सीआयडी नवा होतो, म्हणजे वाटलेली लिंक जुनीच साइट दाखवते. त्यासाठी आयपीएनएस आहे, पब्लिश टू आयपीएनएस केलं की एक कायमचा पत्ता मिळतो आणि तो दर वेळी नव्या सीआयडीकडे वळवायचा. स्वतःचं डोमेन असेल तर डीएनएसलिंक वापरा, म्हणजे डोमेनचं नावच सीआयडीकडे वळवायचं, डीएनएसमधल्या (डोमेनच्या सेटिंगमधल्या) एका टीएक्सटी, म्हणजे मजकुराच्या, रेकॉर्डमध्ये सीआयडी बदलला की काम होतं, मला हेच बरं वाटतं. नव्या सीआयडीचं पिनिंग मात्र सगळ्यांनी परत करायचं.

आणि टाकण्याआधी फोल्डर एकदा नीट चाळा. डेटा एनक्रिप्ट होत नाही, ज्याच्याकडे सीआयडी आहे तो उघडू शकतो, आणि दुसऱ्याने पिन केलेलं तुम्हाला काढता येत नाही. वाचनालयाच्या फोल्डरमध्ये सभासदांचे फोन नंबर असलेली एक्सेल फाइल होती, ती मी अपलोडच्या जरा आधी बघितली आणि बाहेर काढली.