जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क भंगारात देऊ नका
लॅपटॉपमधली अडीच इंची साटा (डिस्क जोडण्याची एक पद्धत) डिस्क यूएसबी ३.० केसिंगमध्ये, म्हणजे यूएसबीला जोडता येणाऱ्या डबीत बसवली की झाली पोर्टेबल डिस्क. तिला यूएसबीचे ५ व्होल्ट पुरतात. डेस्कटॉपच्या साडेतीन इंचीला १२ व्होल्टही लागतात, त्यामुळे वेगळा अडॅप्टर असलेलंच केसिंग घ्या. डिस्क नुसती टकटक करत राहिली तर ती गेलीच असं लगेच धरू नका. कधीकधी वीज कमी पडते. आखूड केबल लावून डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला जोडून बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तिची तब्येत तपासा. ‘कॉशन’ (सावधान) दिसलं तर त्यात सिनेमे ठेवा, लग्नाचे फोटो नकोत! जुना डेटा काढून घेतल्यावरच एक्सफॅटमध्ये (फाइली साठवायची एक पद्धत) फॉरमॅट करा. फॅट३२ या जुन्या पद्धतीत ४ जीबीची फाइल मावत नाही.