आमराईतलं लग्न आणि आदल्या दिवशीचा वळीव

बहिणीचं लग्न हॉलमध्ये नको, आपल्या आमराईतच, हे घरात सगळ्यांनी मनापासून ठरवलं होतं. मे महिना, गोरज मुहूर्त, झाडांची सावली. पण हळदीच्या संध्याकाळी वळीव आला आणि अर्ध्या तासात मांडवाचं छत पाण्याने फुगून खाली लोंबायला लागलं. एका कोपऱ्यात ते फाटलं, खाली ठेवलेल्या रुखवतावर धो धो पाणी.

चूक छत सपाट बांधण्यात होती. रात्री काकांनी मधल्या रांगेचे बांबू कडेच्यांपेक्षा चांगले तीन फूट उंच करायला लावले, वरून ताडपत्री घातली. पाणी दोन्ही बाजूंना उतरलं पाहिजे, घराच्या कौलांसारखं. चढाच्या बाजूला फावड्याने वीतभर खोल चर मारला. कनातीही काढल्या, त्या वारा अडवतात आणि सगळा मांडव ओढला जातो. हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं!

चिखलावर सकाळी मुरूम पसरला, वर सतरंज्या. होमाला वाऱ्याच्या बाजूने पत्र्याचा आडोसा केला. पंगत मात्र सरळ वाड्याच्या पडवीत हलवली, पत्रावळी उडायचा प्रश्नच मिटला.

मंगलाष्टकं चालू असताना पुन्हा चार थेंब आले. आजी वर बघत होती. ताडपत्रीवरून पाणी निथळून चरात गेलं, आणि अंतरपाट कोरडाच राहिला.