गोव्यातल्या उसगाळीमळची कातळचित्रं बघायला जाताय? मग हे वाचा

भर दुपारी अजिबात जाऊ नका, ऊन डोक्यावर असलं की जांभ्या दगडात कोरलेल्या या चित्रांच्या रेषा सपाट होतात आणि मग लोक म्हणतात कायच दिसत नाय. सकाळी लवकर नाहीतर उन्हं कलल्यावर जा, तिरपा उजेड पडला की खाचेच्या एका कडेला सावली धरते आणि बैल, हरणं, मोर एकेक करून दिसायला लागतात. मडगावहून केपे आणि पुढे रिवणचा रस्ता, स्वतःची गाडी असलेली बरी. पावसात नकोच, कुशावती नदीच्या अगदी काठावर आहे, पूर आला की सगळं पाण्याखाली.

तिथला गोल चक्रव्यूह मात्र निवांत बघा, बाहेरच्या कडेपासून रेष धरून आत जायचा प्रयत्न करा, पण नजरेनेच हां, खडूबिडू फिरवायचा नाही, आणि चपला काढून फिरलात तर उत्तम कारण जांभा झिजतो. ही चित्रं १९९३ मध्ये गावकऱ्यांनीच अभ्यासकांना दाखवली, त्यामुळे आसपास कोणी जाणतं भेटलं तर विचारायला लाजू नका. वेळ उरला तर रिवणची गुंफा आहेच, टॉर्च घ्या सोबत.